गाडी रिकामीच पाहिजे

आमची निळी वॅगन आर मुंबईहून गुवाहाटीला गेली. पण ती निघायच्या आधी मुलुंडला जे झालं, ते मी सांगते. माझी नात दिशा म्हणते, "आजी, तू दहातलं आठ फेकतेस." तर हे उरलेल्या दोनातलं आहे असं समजा.

बोरीवली पूर्वेला, काजूपाड्याच्या पुढे, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून आमची सोसायटी. भिंतीजवळचं शेवटचं पार्किंग आमचं. त्याच जागेवर, गेल्या मार्गशीर्षात, आमचे हे गेले. गाडीत बसल्या बसल्या. रोज सकाळी चहा झाला की हे खाली जायचे, गाडी चालू करायचे, थोडा वेळ घुरघुरू द्यायचे आणि बंद करून वर यायचे. कुठे जायचं नसलं तरी. "बॅटरी उतरता गो," म्हणायचे. गिरणी बंद पडल्यापासून जन्मभर शेठ लोकांच्या गाड्या चालवल्या, म्हातारपणी ही एक स्वतःची.

त्या दिवशी इंजिन चालूच राहिलं. मी वरून खिडकीतून ओरडले, "अहो, पेट्रोल काय नळाला येतं काय?" तसं इंजिन बंद झालं. मी भाकऱ्या थापायला घेतल्या. वर आले नाहीत म्हणून देवेश, माझा मुलगा, खाली बघायला गेला. मी ओरडल्याला अर्धा तासही झाला नव्हता, आणि डॉक्टर म्हणाला, जाऊन तासभर तरी झाला असेल.

मग माझ्या ओरडण्यावर इंजिन कोणी बंद केलं?

देवेश म्हणतो पेट्रोल संपलं असेल. काटा अर्ध्यावर होता, मी स्वतः बघितला. पण तो इंजिनीयर आहे, त्याला कोण सांगणार.

तेव्हापासून गाडीत हे होतेच. देवेश उंच, तो सीट मागे ढकलून चालवायचा. सकाळी बघावं तर सीट पुढे, स्टिअरिंगला पोट लागेल इतकी. हे बुटके ना. गाडीत उकडलेल्या शेंगांचा वास यायचा. पिशवीभर शेंगा मांडीवर घेऊन खायची यांची सवय. आणि एकदा पार्कातला बिबट्या भिंतीवरून उडी मारून बॉनेटवर येऊन झोपला, तेव्हा गाडीने असा हॉर्न मारला की बिबट्या वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन लपला. वॉचमन होता आत. दोघं कोपऱ्यात एकमेकांना धरून बसले होते. बरं, धरून नसतील बसले. पण हॉर्न वाजला, आणि चावी माझ्या कमरेला होती.

मला भीती कधी वाटली नाही. दुपारी मी खाली जायची, बाजूच्या सीटवर बसायची, भाजी निवडायची. काय महागलं, कोण मेलं, सुनेने काय केलं, सगळं सांगायची. कधी काच आतून धुरकट व्हायची, जशी कोणी जवळून श्वास सोडल्यावर होते. हे पहिल्यापासूनच कमी बोलायचे. मला त्यात काही फरक वाटला नाही.

मग देवेशची बदली झाली. गुवाहाटीला. तिकडे नदीवर पूल बांधतायत, तीन-चार वर्षांचं काम. घर भाड्याने द्यायचं आणि सगळ्यांनी जायचं. दिशा हॉस्टेलला, म्हणजे मी, देवेश आणि माझी सून अक्षता.

"गाडी विकू," देवेश म्हणाला. "जुनी झालीय. ट्रकने न्यायचा खर्च गाडीच्या किमतीला भिडेल."

गाडी बघायला एक एजंट आला. अत्तर लावून, बुटाने टायरला लाथ मारून बघणारा. आत बसला आणि चारी दरवाजे लॉक झाले. खटाक. काच चार बोटं खाली आली आणि तिथेच अडकली. त्या फटीतून तो नाक बाहेर काढून ओरडत होता, "काका, मला जाऊ दे! काका, मी नाही घेत!" आम्ही कोणी त्याला काका आहेत असं सांगितलंच नव्हतं. देवेशने चावी फिरवली, अक्षताने दार ओढलं, काही नाही. शेवटी मी खाली गेले आणि म्हणाले, "अहो, सोडा त्याला, लेकरू आहे." दरवाजे उघडले. एजंटचा एक बूट आमच्याकडेच राहिला.

"सेंट्रल लॉक गेलंय," देवेश म्हणाला.

"तुझं गेलंय," मी म्हणाले. "नीट ऐक. गाडी येणार नसेल तर मीपण येणार नाही. तुझ्या बापाला पार्किंगमध्ये सोडून मी विमानात बसायची नाही."

देवेश चिडला की कान चोळतो. कान चोळत म्हणाला, "आई, बाबा गेले."

"गाडीत आहेत."

अक्षता मध्ये पडली. ती घाटकोपरची, फटाफट बोलणारी. "देवेश, ने ना रे गाडी. तिकडे नाहीतरी लागेलच. आणि आईंना इथे एकटीला कुठे ठेवणार?" मग माझ्याकडे वळून हळूच, "आई, ते मला रिव्हर्स घेताना मदत करतात. मी कोणाला सांगितलं नाही."

तर असं ठरलं. गाड्या पोचवणारी एक कंपनी मिळाली. त्यांचा यार्ड मुलुंडला, नाक्याच्या अलीकडे. गाडी तिथे नेऊन द्यायची, ते मोठ्या दुमजली ट्रकवर चढवतात आणि आठ-दहा दिवसांत पोचवतात. फोनवरच्या बाईने एकच गोष्ट दहा वेळा बजावली. गाडी रिकामी पाहिजे. सामान नको, गादी नको, देवाची मूर्ती नको, डिकीत पिशवी नको. पेट्रोल थोडंसंच. "मॅडम, गाडी रिकामीच पाहिजे, नाहीतर आम्ही घेत नाही."

मी मान डोलावली. माणसाबद्दल ती काही बोलली नव्हती.

निघालो तेव्हा दुपार कलली होती. देवेश चालवत होता, मी बाजूला, अक्षता मागे. पवईच्या तलावाशी गाडी आपोआप हळू झाली. देवेश पाय दाबतोय, गाडी ऐकत नाही. हे इथे नेहमी असंच करायचे, मगर दिसते का बघायला. पाठीमागचे लोक हॉर्न मारून शिव्या घालत होते. मी तलावाकडे बघत म्हणाले, "नाही दिसत आज. चला." तशी गाडी सुटली. देवेशचा कान लाल झाला होता.

यार्डात पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. चारी बाजूंनी पत्रे, मध्ये चिखल सुकून दगड झालेली जमीन, आणि गाड्याच गाड्या. कोणाची कोचीला, कोणाची चंदीगडला. सगळ्यांवर धूळ. मागच्या काचेवर अजून कोणाच्या सोसायटीचा स्टिकर, कोणाच्या आरशाला लहान मुलाचा बूट टांगलेला. घरातली माणसं कधीच विमानाने पुढे गेलेली. मला एकदम थंडी वाजली. इतक्या गाड्या, आणि कोणाला कोणी विचारणारं नाही. माणसं घर बदलताना फ्रिज नेतात, देव नेतात, कुंड्यासुद्धा नेतात. पण गेलेल्याला कोणी सांगतच नाही की बाबा, आपण इथून निघालोय.

ट्रकचा ड्रायव्हर कुंडलिक. पोटावर शर्टाची बटणं ताणलेली, तोंडात सुपारी. बाकीच्या गाड्या चढवून झाल्या होत्या, आमचीच शेवटची. तो आला आणि बॉनेटवर थाप मारून ओरडला, "चला, गाडी रिकामी करा! सगळे उतरा खाली! पटापट!"

आम्ही उतरलो. देवेशने त्याचं दार लावलं. मी माझं लावलं. अक्षताने मागचं लावलं.

आणि मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार परत एकदा लागलं.

मी समजले. हे उतरले. जन्मभर कोणा ना कोणाच्या हुकुमाने उतरलेला माणूस. 'ड्रायव्हर, खाली थांब,' म्हटलं की खाली थांबायचं. मी गाडीत वाकून बघितलं. शेंगांचा वास गेला होता. आत नुसतं रबर आणि धूळ.

"देवेश," मी म्हणाले, "तुझे बाबा उतरले."

"आई, प्लीज यार. लोक बघतायत."

कुंडलिकने गाडी फळीवरून ट्रकवर चढवली, वरच्या मजल्यावर, अगदी मागे. साखळ्या आवळल्या. आता काय करू? आमच्या कोकणात निघताना गाऱ्हाणं घालतात. देवाला, राखणदाराला, मेल्या-जित्यांना सांगून निघायचं, कोणाला न सांगता पाऊल टाकायचं नाही. खरं तर ते पुरुषाने घालायचं. पण माझ्या पुरुषालाच न्यायचं होतं, आणि मुलाला गाऱ्हाणं म्हणजे म्युनिसिपालिटीत करतात ते एवढंच माहीत. म्हणून पिशवीतला नारळ काढला, पदर डोक्यावर घेतला, आणि ट्रकच्या समोर उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज आमची लेकरा परमुलखात चालली हत. वाटेत काय इडा-पिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!" मग देवेशला कोपर मारलं. "म्हण."

"काय?"

"होय म्हाराजा."

"होय म्हाराजा," तो पुटपुटला. अक्षता मात्र खणखणीत म्हणाली.

"ह्यो गाडीवालो, ह्येचो ट्रक, ह्येची चाका सगळी सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता कुंडलिकपण म्हणाला. त्याचंच नाव चाललं होतं ना.

देवाचं झालं. आता यांना बोलवायचं होतं. आणि मी बोलवलं, जसं चाळीस-पन्नास वर्षं दर वेळी बोलवलं होतं. लग्नाला निघताना, गावाला निघताना, दवाखान्यात निघताना. तोंडाशी हात धरून, जरा वैतागलेल्या आवाजात: "अहो! चला! बसा लवकर! उशीर झाला!"

वारा नव्हता. पण यार्डभर पत्रे वाजले. मागच्या रांगेतल्या गाड्यांचे दरवाजे लागल्यासारखे आवाज आले, एकामागून एक, धप, धप, धप. चिखलाच्या ढेकळांवरून कोणीतरी धावत गेल्यासारखं वाटलं. एक नाही, पुष्कळजण. माझ्या अंगाला घासून गेलं काहीतरी, गार. आणि ट्रक, एवढा मोठा ट्रक, करकरत खाली बसला.

"स्प्रिंग जुनी आहे," कुंडलिक म्हणाला, पण सुपारी चघळायची थांबली होती.

मी खूश. आले हे. मी नारळ वाढवला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं.

यार्डाच्या गेटसमोर रस्त्यापलीकडे वजनकाटा आहे. ट्रक आधी त्यावर उभा करायचा, वजन बरोबर निघालं की मग हायवे. आम्ही रिक्षा बघत गेटातच उभे होतो, त्यामुळे सगळं दिसत होतं. ट्रक काट्यावर चढला. काचेच्या खोलीत एक पोरगी बसलेली, सपना तिचं नाव. तिने खिडकी सरकवली.

"कुंडलिकभाऊ, जास्त आहे."

"किती?"

"दहा-बारा माणसांचं होईल एवढं. गाड्यांत सामान भरलंय का?"

कुंडलिक खाली उतरून तरातरा आमच्याकडे आला. "आजी, काय ठेवलंय गाडीत? नारळाचं पोतं?"

"एकच नारळ होता. तो तू खाल्लास."

तो परत गेला, शिडी लावून चढला, एक एक गाडी उघडून बघितली. सीटखाली, डिकीत. काही नाही. रिकाम्या. सपनाने परत खिडकी सरकवली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "भाऊ, आकडा स्थिर राहत नाहीये. सामान असतं तर आकडा एका जागी थांबतो. हा हलतोय. माणसं बसली की असा हलतो." खिडकीबाहेर डोकं काढून ती म्हणाली, "ट्रकात कोणी माणसं बसलीयत का?"

तेवढ्यात यार्डातले दिवे लागले, आणि मी वर बघितलं. वरच्या मजल्यावरच्या, खालच्या मजल्यावरच्या, सगळ्या गाड्यांच्या काचा आतून धुरकटलेल्या. एका पांढऱ्या गाडीच्या काचेवर पंजा उमटला होता. आतून. बोटं पसरलेली, अंगठीचा ठसा स्पष्ट. बघता बघता त्याच्या खाली दुसरा पंजा उमटला, मोठा, कोणा दुसऱ्याचा. एका लाल गाडीचा वायपर एकदा फिरला आणि थांबला. वास यायला लागले. सिगारेटचा. आयोडेक्सचा. कोणाच्या तरी दाढीच्या साबणाचा. सगळे पुरुषांचे वास.

कुंडलिकने शिडीवरून उडीच मारली. एवढ्या पोटाचा माणूस, पण मांजरासारखा उतरला. "आजी, काय केलंत तुम्ही?"

"मी काय केलं? मी फक्त आमच्या यांना बोलवलं."

अक्षता माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे. "आई, तुम्ही कसं बोलवलंत?"

"कसं म्हणजे? 'अहो, चला' म्हटलं."

"नाव घेऊन?"

"नवऱ्याचं नाव कशी घेईन मी? तुझ्यासारखी आहे का, उठता बसता 'देवेश, टॉवेल उचल'?"

"आई!" तिने कपाळाला हात लावला. "अहो, इथल्या प्रत्येकाची बायको त्याला 'अहो'च म्हणत असणार! तुम्ही सगळ्यांच्या नवऱ्यांना बसवलंत!"

मी ट्रककडे बघत राहिले. वाट लागली होती. आणि हसू पण येत होतं, आणि रडू पण. बिचारे कधीपासून त्या धुळीत बसले असतील. बायका, मुलं कुठल्या कुठे गेली. आणि आज एका बाईचा आवाज आला, तसाच वैतागलेला, तसाच उशीर झालेला. त्यांना वाटलं आपलीच आली न्यायला. धावत आले आणि ट्रकात बसले. आमचे हे आत होते की त्या गर्दीत बाहेरच राहिले, काही कळायला मार्ग नाही. यांना गर्दीत धक्का मारता येत नाही. लग्नाच्या पंगतीत नेहमी शेवटी बसायचे.

"मी हा ट्रक नेणार नाही," कुंडलिक म्हणाला. "रातभर असले पॅसेंजर घेऊन? नाय रे बाबा. तुमची गाडी उतरवतो, घरी न्या."

देवेश पुढे झाला. एरवी काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. पण त्या पांढऱ्या गाडीच्या काचेकडे बघून आला होता तो. म्हणाला, "आई, नावाने बोलाव. बाबांना एकट्यांना."

"नाही घेणार."

"आयुष्य कमी होतं म्हणून? आई, आता कमी व्हायला काय राहिलंय?"

"गप्प बस. तुला नाही कळायचं."

कसं सांगू त्याला? नवऱ्याचं नाव लोक घेतात. टपालवाला घेतो, डॉक्टर घेतो, स्मशानातला माणूस पावती फाडताना घेतो. बायको घेत नाही, कारण तिला गरज नसते. ती 'अहो' म्हणते आणि तो वळून बघतो. जोपर्यंत मी 'अहो' म्हणत होते, तोपर्यंत हे ऐकण्याच्या अंतरावर होते. बाजूच्या खोलीत, खालच्या पार्किंगमध्ये. नाव घेतलं की हे पण फोटोतल्या माणसांत जमा. मी यांच्या फोटोखाली नावसुद्धा लिहू दिलं नव्हतं. आणि समजा नाव घेतलं आणि ते आलेच नाहीत तर? मग पुढे काय म्हणून बोलवायचं?

सपना काचेतून ओरडली, "भाऊ, पाठी लाईन लागलीय! काय ते ठरवा!"

पाठी दोन डंपर हॉर्न मारत होते. कुंडलिक साखळ्या सोडायला निघाला.

अक्षता माझ्याजवळ आली. तिने माझा हात धरला. "आई, सरळ नका घेऊ. उखाण्यात घ्या. उखाण्यात चालतं ना?"

उखाण्यात चालतं. लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला बायका घेतातच. मी मात्र कधी घेतलं नव्हतं. प्रत्येक वेळी काहीतरी वात्रट बोलून पळ काढायची, बायका हसायच्या आणि नाव राहून जायचं.

मी काट्याजवळ जाऊन उभी राहिले. पदर सारखा केला. शेवटी घसा खाकरला.

"मुलुंडच्या नाक्यावर ट्रक बसला अडून,
लवूराव एकटे या, बाकीचे नका बसू दडून!"

लवू. लवू तावडे. असं होतं यांचं नाव.

डंपरवाल्यांनी हॉर्न बंद केले. की मला ऐकू येईनासं झालं, देव जाणे.

ट्रक हलला. एक खांदा उचलावा तसा एका बाजूने वर आला, मग दुसऱ्या बाजूने. कोणी उतरत होतं, सावकाश, एकेक करून. येताना धावत आले होते, जाताना कोणाला घाई नव्हती. काचा साफ होत गेल्या. पांढऱ्या गाडीवरचे दोन्ही पंजे विरले. माझ्यासमोरून ते गार वारे एक एक करून यार्डाकडे परत गेले. सिगारेटवाला माझ्याजवळ थांबला जरासा. मी म्हणाले, "बाबा रे, मला तुझं नाव ठाऊक असतं तर मी घेतलं असतं. तुझ्या बायकोसारखंच घेतलं असतं." वास गेला. गेटातून आत बघितलं तर दिव्याखाली नुसत्या गाड्या. पण प्रत्येक गाडीशेजारी धूळ जरा बसलेली, कोणी उभं असल्यासारखी.

"बरोबर!" सपना ओरडली. "आकडा थांबला! रिकाम्या गाड्यांचं वजन, एक किलो इकडे तिकडे नाही!"

कुंडलिकने देवाला हात जोडले. मी मात्र ट्रककडे वळले. रिकाम्या? सगळ्या?

"माझी गाडी बघू दे," मी म्हणाले.

"आजी, नको आता."

"शिडी धर."

देवेशने धरली. या वयात मी शिडी चढले, पदर खोचून. गाडीचं दार उघडलं. सीट मागे होती, देवेशच्या पायांएवढी. काच स्वच्छ. वास नाही. हात फिरवला सीटवरून. गार पण नाही, गरम पण नाही. नुसती सीट.

"अहो," मी हळूच म्हणाले. काही नाही.

मी खाली उतरले. कुंडलिक गिअरवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं असतं तर त्याने गाडी उतरवली असती, इतका घाबरला होता. पण कशासाठी उतरवायची? ज्याच्यासाठी हट्ट केला तो आत नव्हता. मी हात हलवला. "जा बाबा. सांभाळून ने."

ट्रक गेला. मागचे लाल दिवे नाक्यापर्यंत दिसले, मग हायवेच्या गर्दीत मिसळले. मी रडले नाही. मला वाटलं, घेतलंस ना नाव? आता बस.

देवेशने रिक्षा थांबवली. बोरीवलीची बस मिळते तिथपर्यंत. आम्ही तिघं मागे बसलो, मी मध्ये. रिक्षावाला मीटर टाकेना. डोकं वाकडं करून स्वतःच्या बाजूला बघत होता.

"चल ना रे," अक्षता म्हणाली.

"मॅडम, ह्यांना सांगा ना," तो म्हणाला. "काका, पुढे नाय बसायचं. हवालदार पकडतो. मागे बसा." मग एकदम ओरडला. "काका, अहो क्लचला हात नका लावू!"

रिक्षात पुढून वास आला. उकडलेल्या शेंगांचा, ताज्या, मिठाच्या पाण्यातल्या.

दुसऱ्याच्या गाडीत बसायचं तर ड्रायव्हरच्या शेजारी, तिथूनच त्याच्या चुका काढायच्या. जन्मभराची खोड. आणि मी एवढे दिवस समजत होते की हे गाडीपायी थांबलेत.

"लवू," मी म्हणाले. दुसऱ्यांदा जमलं, पहिल्याइतकं जड गेलं नाही. "लवू, मागे ये. त्याला चालवू दे."

रिक्षा पुढून उचलली गेली आणि मागून दबली. माझ्या डाव्या खांद्याला गार लागलं.

देवेशने आपल्या मांडीवरची बॅग पायाशी ठेवली, कान चोळला, आणि दाराच्या दांडीपर्यंत सरकून बापाला जागा करून दिली.